समुद्रतळाचा गाळ: नमुना कसा घ्यावा, कसा ओळखावा

गाळाच्या प्रत्येक नमुन्याला दोन प्रश्न विचारायचे: दाणा केवढा, आणि तो आला कुठून? ही दोन उत्तरं वेगवेगळी लिहायची. 2 मिलिमीटरपासून 63 मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाणा म्हणजे वाळू, त्याखाली 4 मायक्रॉनपर्यंत पोयटा, त्याहून बारीक ती चिकणमाती. पण तीच वाळू कातळाची असेल किंवा शिंपल्यांची, हे आकारावरून कळत नाही.

नमुना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, ओहोटी पूर्ण लागल्यावर घ्या. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी पुरेसं मागे हटत नाही. दीड-दोन फुटांचा, दोन इंची पीव्हीसी पाइप सरळ खाली दाबा, वरचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि हळूहळू वर ओढा. हवा शिरली की खालचा गाळ निसटतो. पाइप आधीच उभा कापून चिकटपट्टीने जोडलेला असेल तर घरी उघडल्यावर थर जागच्या जागी दिसतात. खाडीच्या तोंडाशी काळपट चिखल, त्यावर वाळूचा पट्टा, पुन्हा चिखल असा क्रम बऱ्याचदा मिळतो. कुजक्या अंड्याचा वास आला तर नमुना बिघडला असं समजू नका. प्राणवायू नसलेल्या चिखलाचा तो स्वभावच आहे.

होडीतून नमुना घ्यायचा तर तीन इंची लोखंडी पाइपाचा फूटभर तुकडा घ्या. त्याच्या एका तोंडाला जाड, घट्ट विणीचं कापड तारेने आवळा. दोरी खोलीच्या तिप्पट सोडा, नाहीतर पाइप तळाला न लागता तरंगत येतो. कापड विरळ असेल तर वर येताना चिखल धुऊन जातो आणि हाती फक्त वाळू उरते. असल्या नमुन्यांमुळे चिखलाच्या तळावर 'वाळू' अशी नोंद होते. पावसाळ्यात होडीचा विचारही नको. आणि किनाऱ्यावरून अर्धा किलोपेक्षा जास्त उचलू नका, तेवढा पुरतो.

आता धुणं. मीठ राहिलं तर पुढचं सगळं चुकतं, कारण खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पोयट्यासारखे भराभर खाली बसतात. खाडीच्या तोंडाशी, गोडं पाणी खाऱ्याला मिळतं तिथे, हेच घडतं. म्हणून तर तिथे एवढा चिखल साचतो. गोड्या पाण्याने तीन वेळा धुवा, दर वेळी रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी अलगद काढा. नमुना वाळवून मग मोजायला घेऊ नका: चिखल वाळला की विटेसारखा होतो आणि पुन्हा सुटा होत नाही. एक भाग ओलाच ठेवा, दुसरा वाळवून कोरडं वजन काढा.

ओला भाग 63 मायक्रॉनच्या चाळणीतून पाण्याने चाळा. वर राहिली ती वाळू. खालचं पाणी 1 लिटरच्या उभ्या मापात भरा, त्यात 5 ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवा म्हणजे कण सुटे राहतात. एकूण कोरडा गाळ 15-20 ग्रॅमच असू द्या. दाटी झाली तर कण एकमेकांना अडवतात. चांगलं ढवळून स्थिर ठेवा. 27 अंश सेल्सिअस पाण्यात 4 मायक्रॉनचा दाणा 10 सेंटिमीटर उतरायला साधारण पावणेदोन तास घेतो. तेवढ्या वेळाने 10 सेंटिमीटर खोलीवरून पिपेटने (मापाच्या काचनळीने) 20 मिलिलिटर काढा, वाळवा, सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोला. त्यातून 0.1 ग्रॅम वजा करा, कारण तेवढं रसायन त्या 20 मिलिलिटरमध्ये असतंच. ही वजाबाकी हमखास विसरली जाते. उरलेलं गुणिले 50 म्हणजे चिकणमाती.

दाणा कुठून आला हे पाहायला वाळू उन्हात वाळवून दहापट भिंगाखाली धरा. आपला कोकणचा बराचसा किनारा बसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, आणि बसाल्टमध्ये क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) जवळजवळ नसतो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या, काळबादेवीकडची काळी वाळू जड असते. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात. पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला की मॅग्नेटाइट झटकन येतं, इल्मेनाइट साध्या चुंबकाला दाद देत नाही. तांबूस, गंजलेले दाणे जांभ्याचे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याकडे काचेसारखा स्वच्छ क्वार्ट्झ दिसू लागतो, कारण तिथे दख्खनच्या लाव्हाखालचे जुने खडक उघडे पडले आहेत.

शिंपल्यांचा वाटा काढायला 5 ग्रॅम कोरडी वाळू व्हिनेगरमध्ये घाला. 1 ग्रॅम शिंपल्याला 5 टक्क्यांचं किमान 24 मिलिलिटर व्हिनेगर लागतं. शेवटी ते मंदावतं, म्हणून दुप्पट घ्या आणि रात्रभर ठेवा. बुडबुडे थांबले की धुऊन, वाळवून पुन्हा तोला. घटलेलं वजन शिंपल्यांचं. मीठ नीट धुतलं नसेल तर तेही विरघळून या हिशेबात घुसतं.

बाहेर जाल तसा गाळ बारीकच होत जाईल, हा समज कोकणासमोर टिकत नाही. किनाऱ्यालगतचा चिखल साधारण 30 वाव पाण्यापर्यंत, म्हणजे पन्नास-साठ मीटरपर्यंत. त्यापलीकडे पुन्हा चुनखडीची, शिंपल्यांची भरड वाळू लागते. ती आजची नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी सव्वाशेएक मीटर खाली होती, तेव्हा तिथेच किनारा होता. नद्यांचा आजचा चिखल तिथवर पोचत नाही, म्हणून ती उघडीच राहिली आहे.

खूप खोल पाण्यात उगम बदलतो. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं पडून मऊ चिखल तयार होतो, पण सुमारे साडेचार-पाच हजार मीटरच्या खाली चुना विरघळून जातो आणि तांबडी चिकणमाती उरते, हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर जाड. मँगनीजचे गोळे त्याहून संथ, दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर. भारताने अशा गोळ्यांचा पहिला नमुना 1981 मध्ये 'गवेषणी' जहाजावरून काढला.

नमुन्याच्या पिशवीत चिठ्ठी ठेवताना पेन्सिलीनेच लिहा, शाई खाऱ्या ओलीत फुटते. जागा, खोली, तारीख-तिथी, पाइप की होडी, आणि वर येताना किती गाळ निसटला याचा अंदाज, एवढं त्यात हवंच.