भर उन्हातही फ्लॅश लावावा

दुपारी इंदूरच्या राजवाड्यासमोर फोटो काढला, की वाड्याच्या सातही मजल्यांचा तपशील स्वच्छ येतो. पण डोक्यावरून पदर घेतलेल्या आजींचा चेहरा मात्र काळवंडतो, आणि फिल्म कॅमेऱ्यात ही चूक रोल धुऊन आल्यावरच कळते.

१. आयएसओ (फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता) १०० च्या फिल्मवर, स्वच्छ उन्हात, शटर १/१२५ सेकंद आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) एफ/१६ ठेवावे. कॅमेऱ्याची सिंक-गती (फ्लॅशबरोबर चालणारी शटरची सर्वांत वेगवान गती) १/६० च असेल, तर एफ/२२ लागेल.

२. फ्लॅश ऑटोवर असेल, तर त्याला लेन्सपेक्षा एक स्टॉप (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी पायरी) मोठे अ‍ॅपर्चर, म्हणजे एफ/१६ ऐवजी एफ/११, सांगावे, म्हणजे तो बेताचाच प्रकाश टाकतो आणि पदराखालची सावली पुसली न जाता फक्त उजळते. दोन स्टॉपचा फरक ठेवल्यास फ्लॅश मारल्याचे सहसा ओळखूही येत नाही. मला तोच अधिक आवडतो.

३. फ्लॅश मॅन्युअल असेल, तर त्याच्या गाइड नंबरला (फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला) वरच्या एफ/११ मधल्या ११ ने भागून येईल तितक्या मीटरवर उभे राहावे. २८ नंबरच्या फ्लॅशला हे अंतर साधारण अडीच मीटर येते. त्याहून जवळ जायचेच असेल, तर फ्लॅशवर पांढऱ्या सुती रुमालाची एक घडी धरावी, हा जुना उपाय आजही चालतो.

एसएलआरमध्ये (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) शटर सिंक-गतीपेक्षा वेगवान ठेवू नये, कारण शटरचा पडदा पूर्ण उघडलेला नसताना फ्लॅश उडतो आणि चौकटीचा एक भाग फ्लॅशविना राहतो.