पडत्या संघाची पोरं पारखताना: सॅन होजे शार्क्सच्या चाहत्यासाठी एक वही

सॅन होजेत संध्याकाळी सातला शार्क्सचा, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या संघाचा, सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यात मागे गेली की साडेआठ. चहाच्या वेळेला बसणारा हा खेळ आहे, आणि बे एरियात मराठी घरं पुष्कळ असल्यामुळे इकडच्या कुणाच्या तरी मावशीकडे शार्क्सचा हिरवट-निळा शर्ट सापडतोच.

संघाची २०२५ पर्यंतची अवस्था सरळ सांगायची तर अशी. २०१९ मध्ये कॉन्फरन्स फायनलला सेंट लुईसकडून हरले, त्यानंतर उतरती कळा. २०२३-२४ मध्ये ८२ सामन्यांत ४७ गुण, २०२४-२५ मध्ये ५२. विजयाला दोन गुण आणि जादा वेळेत हरलं तरी एक, हे लक्षात घेतलं की आकडे आणखी बोचतात. दोन्ही वेळा ३२ संघांत शेवटचा नंबर. बदल्यात ड्राफ्टमधून (संघ दरवर्षी नव्या तरुण खेळाडूंची क्रमाने निवड करतात त्यातून) हाती आली ती पोरं: २०२४ चा पहिला क्रमांक मॅकलिन सेलेब्रिनी, २०२३ चा चौथा विल स्मिथ, २०२५ चा दुसरा मायकल मिसा. त्यांच्यावर आशा ठेवायची, पण गुडघ्याला बाशिंग न बांधता. त्यासाठी एक वही लागते.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक पोराला एक पान. वर पाच गोष्टी: जन्मतारीख, ड्राफ्टमधला क्रमांक, सध्या कुठल्या लीगमध्ये आहे, कराराचं कितवं वर्ष, आणि या हंगामात त्याच्याकडून तुमची अपेक्षा काय. ही पाचवी ओळ सप्टेंबरमध्येच, सराव शिबिराच्या आधी, शाईने लिहा. ‘चांगला खेळावा’ असं मोघम नको. ‘मार्चपर्यंत पहिल्या तीन लाइनमध्ये कायमची जागा’ किंवा ‘६० सामने, ३० पॉइंट’ असं मोजता येईल ते लिहा. (लाइन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड; पॉइंट म्हणजे खेळाडूचे गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलाला दिलेले पास.) हे आधी लिहिलं नाही तर नोव्हेंबरमध्ये पोरानं पाच सामन्यांत सहा पॉइंट केले की अपेक्षा आपोआप फुगते आणि जानेवारीत तोच पोरगा ‘वाया गेला’ ठरतो. खेळ तोच असतो, फक्त आपली मोजपट्टी सरकलेली असते.

जन्मतारीख पहिली का? एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये यायला त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. त्यामुळे २० सप्टेंबर २००६ ला जन्मलेला आणि १० सप्टेंबर २००७ ला जन्मलेला, दोघंही २०२५ च्याच ड्राफ्टमध्ये येतात. या वयात वर्षभराचं अंतर म्हणजे मांड्यांत आणि खांद्यांत दिसणारं अंतर. दोघांचे पॉइंट सारखे असतील तर धाकट्याचं पारडं जड धरा.

आकडा जशाच्या तसा घेऊ नका

रणजीत धावांचे डोंगर रचणारा कसोटीत तेवढ्याच धावा काढील असं आपण म्हणत नाही. इथेही तेच. प्रत्येक लीगचा पॉइंट वेगळ्या वजनाचा असतो. आधी एकूण पॉइंटला सामन्यांनी भागा, मग वरच्या लीगमध्ये त्यातलं किती टिकलं ते बघा.

सेलेब्रिनीनं २०२३-२४ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून ३८ सामन्यांत ६४ पॉइंट केले, म्हणजे सामन्याला १.६८. पुढच्या वर्षी एनएचएलमध्ये ७० सामन्यांत ६३, म्हणजे ०.९०. निम्म्याहून थोडं जास्त टिकलं. त्याच कॉलेज हंगामात स्मिथनं बॉस्टन कॉलेजकडून ४१ सामन्यांत ७१ केले, सामन्याला १.७३, म्हणजे सेलेब्रिनीपेक्षा किंचित जास्तच. एनएचएलमध्ये मात्र ७४ सामन्यांत ४५, सामन्याला ०.६१. जेमतेम ३५ टक्के टिकलं. कागदावर जवळपास सारखी असलेली दोन पोरं वर गेल्यावर इतकी वेगळी का निघाली? स्मिथ १७ मार्च २००५ चा, सेलेब्रिनी १३ जून २००६ चा. म्हणजे कॉलेजात सेलेब्रिनी सव्वा वर्षानं लहान असूनही तेवढंच करत होता, आणि सतराव्या वर्षी कॉलेज हॉकीतला सर्वोच्च मान, होबी बेकर पुरस्कार, घेऊन गेला. जन्मतारखेचा रकाना म्हणून पहिला. स्मिथचे ०.६१ हे अपयश नव्हे हेही त्याच पानावर लिहून ठेवा. शेवटच्या नंबरच्या संघात, पदार्पणाच्या हंगामात तो आकडा चांगलाच आहे.

मिसाचं उदाहरण घ्या. २०२४-२५ मध्ये ओएचएल या ज्युनियर लीगमध्ये सॅगिनॉकडून ६५ सामन्यांत १३४ पॉइंट, सामन्याला दोनाच्या वर. ज्युनियर लीगमध्ये १६ ते २० वयाची पोरं एकमेकांशी खेळतात. तिथले आकडे फार फुगीर असतात, कॉलेजपेक्षाही. १३४ बघून पहिल्या वर्षी ७० पॉइंटची अपेक्षा लिहिणं म्हणजे बाजारात तुरी. पहिल्या हंगामासाठी सामन्याला अर्ध्या पॉइंटच्या आसपास लिहा, जास्त झालं तर आनंदच.

भागाकारानंतर दोन चाळण्या. पहिली, पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना मिळालेले, पॉइंट बाजूला काढा. पाचास चार असताना मिळवलेले असिस्ट वरच्या लीगमध्ये सर्वात आधी गळतात, कारण तिथे पॉवर प्लेवर उभं राहायला आधी जागा मिळवावी लागते. दुसरी, शॉटपैकी किती टक्के गोल झाले ते बघा. एनएचएलची सरासरी दहाच्या आसपास असते. एखाद्यानं ४० शॉटमध्ये ८ गोल केले तर ते २० टक्के, म्हणजे पुढचा महिना कोरडा जाणार हे गृहीत धरा. उलट ४० शॉटमध्ये एकच गोल असेल तर चिंता कमी करा, शॉट मिळताहेत हे महत्त्वाचं. प्लस-मायनसचा (पोरगा बर्फावर असताना संघानं केलेले वजा खाल्लेले गोल) रकाना वहीत ठेवूच नका. संघच रोज तीन गोल खात असेल तर त्यात पोराचा दोष किती हे त्या आकड्यावरून कळत नाही.

जागेप्रमाणे धीर

फॉरवर्ड लवकर कळतो, ड्राफ्टनंतर दोन-तीन वर्षांत. डिफेन्समनला त्याहून एक-दोन वर्षं जास्त द्या, कारण त्याची चूक थेट आपल्या गोलसमोर पडते आणि प्रशिक्षक ती विसरत नाही. गोलकीपरचं गणितच वेगळं. यारोस्लाव्ह अस्कारोव्हला नॅशव्हिलनं २०२० मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलं. २०२४-२५ चा बराचसा हंगाम तो शार्क्सच्या दुय्यम संघाकडे, बाराकुडाकडेच होता. ही पीछेहाट नव्हे, गोलकीपरची वाट अशीच लांब असते. त्याच्या पानावर २३ व्या वर्षापर्यंत निकालाची ओळच आखू नका.

नऊ सामन्यांचा खेळ

ऑक्टोबरमध्ये चाहते सर्वात जास्त गोंधळतात ते इथे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचा पहिला करार तीन वर्षांचा असतो. त्या हंगामात तो एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळला तर करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणजे नऊपर्यंत फुकट चाचणी, दहाव्याला घड्याळ सुरू. नववा सामना झाल्यावर पोराला परत पाठवलं तर त्याला ‘नापास’ म्हणू नका. बहुतेक वेळा तो हिशेब असतो, आणि पुनर्बांधणीतल्या संघाला स्वस्त वर्षं नंतर, जिंकायच्या काळात, हवी असतात.

दुसरी अडचण: कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेला पोरगा वीसचा होईपर्यंत दुय्यम एएचएल लीगमध्ये धाडता येत नसे. एक तर एनएचएल, नाहीतर परत पोरांत. ज्युनियरसाठी मोठा आणि एनएचएलसाठी कोवळा, असे किती तरी जण त्यात अडकले. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०२६-२७ पासूनच्या नव्या करारात प्रत्येक संघाला असा एक १९ वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये ठेवता येतो. म्हणून ‘कुठल्या लीगमधून आला’ हा रकाना नुसत्या माहितीसाठी नाही, पुढच्या वर्षी तो कुठे खेळू शकतो हे त्यावर ठरतं.

एक शिफ्ट कशी बघायची

शिफ्ट म्हणजे खेळाडूची बर्फावरची एक पाळी, साधारण ४५ सेकंदांची. एका सामन्यात एकच पोरगा निवडा आणि त्याच्या दहा शिफ्ट बघा. पक (खेळातली रबरी चकती) कुठेही असो, नजर त्या पोरावर. पानावर तीन रकाने पाडा आणि चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी अशी जुनी मोजणी करा.

पहिला रकाना: पक हातात यायच्या आधी त्यानं मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं का? ज्याला वरच्या लीगमध्ये वेळ पुरतो तो हे न चुकता करतो. जो पक आल्यावर बघतो त्याच्या अंगावर तोवर माणूस आलेला असतो. दुसरा: आपल्या भागात, भिंतीला लागून पक मिळाल्यावर त्यानं काय केलं? सेंटरला पास, भिंतीवरून बाहेर टोलवणं, की घालवला? तरुण विंगरची (कडेनं खेळणाऱ्या फॉरवर्डची) जागा गोलांपेक्षा याच ठिकाणी ठरते, आणि टीव्हीवरच्या झलकांमध्ये ही जागा कधीच दिसत नाही. तिसरा: शिफ्टच्या शेवटच्या दहा सेकंदांत तो मागे धावतोय की नुसता घसरत येतोय?

डिफेन्समन असेल तर तिन्ही सोडून एकच बघा. समोरचा खेळाडू पक घेऊन निळ्या रेषेवर, म्हणजे आपला भाग सुरू होतो तिथे, येतो तेव्हा या दोघांत अंतर किती? स्टिक पुढे केली की पकला लागेल इतकं असेल तर उत्तम. गोलपर्यंत मागे मागे सरकत गेला तर त्याला अजून वेगाची भीती आहे.

टीव्हीचा कॅमेरा पकमागे पळतो, त्यामुळे निम्म्या शिफ्टमध्ये तुमचा पोरगा चौकटीबाहेर असेल. त्या मोजू नका, अंदाजाने तर अजिबात भरू नका. बे एरियात असाल तर एसएपी सेंटरमध्ये काचेजवळच्या महाग जागेपेक्षा वरच्या मजल्यावरची स्वस्त जागा घ्या. खालून धडका छान दिसतात, वरून खेळ दिसतो. बाराकुडाचे सामने टेक सीयू अरीनात होतात, जेमतेम चार हजार जागांचं मैदान. पुढच्या वर्षीची पोरं तिथे आजच बघायला मिळतात.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या रेघांना कमी वजन द्या. कॉलेजचा हंगाम चाळीसेक सामन्यांचा, एनएचएलचा ८२ चा (२०२६-२७ पासून ८४). कॉलेजातून आलेल्या पोराचे पाय चाळिसाव्या सामन्यानंतर जड होतातच. २०२४-२५ च्या सुरुवातीला स्मिथला लागोपाठच्या दिवसांच्या सामन्यांत बाहेर बसवत होते ते याचसाठी. तेव्हा पुष्कळांना तो लाड वाटला, हंगामाच्या उत्तरार्धात तो फायद्याचा दिसला.

एका पोरावर नाही, ढिगावर

वहीच्या शेवटच्या पानांवर साखळ्या काढा: कोण गेला, त्याच्या बदल्यात काय आलं, त्याचं पुढे काय झालं. टोमास हर्टल मार्च २०२४ मध्ये व्हेगासला गेला तेव्हा डेव्हिड एडस्ट्रॉम आणि पहिल्या फेरीची एक निवड आली. ऑगस्टमध्ये तेच दोन्ही नॅशव्हिलला देऊन अस्कारोव्ह आणला. एरिक कार्लसन पिट्सबर्गला गेला, त्यातून २०२४ ची चौदावी निवड आली, ती आणि बेचाळिसावी बफेलोला देऊन अकराव्या क्रमांकावर डिफेन्समन सॅम डिकिन्सन घेतला. साखळी काढली की ‘हर्टल फुकट दिला’ अशी ओरड करण्याआधी माणूस थांबतो, आणि साखळीचं टोक कधी पुरं होत नाही हेही दिसतं.

ढीग का लागतो? २०१२ चा पहिला क्रमांक नेल याकुपोव्ह ३५० सामने आणि ६२ गोल करून एनएचएलमधून बाहेर पडला. शार्क्सनीच २००३ मध्ये २०५ व्या क्रमांकावर घेतलेला जो पावेल्स्की १,३३२ सामने आणि ४७६ गोलांपर्यंत गेला. बफेलोनं २०१८ आणि २०२१ ला पहिला क्रमांक उचलला, तरी २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफविना काढले. वरचा क्रमांक म्हणजे चांगलं बियाणं, पीक नव्हे.

ड्राफ्टचा पहिला क्रमांक कुणाला ते ठरवणाऱ्या लॉटरीवर तर आशा टांगूच नका. शेवटच्या संघाला पहिल्या क्रमांकाची संधी २५.५ टक्के, तिसऱ्याच्या खाली मात्र तो घसरू शकत नाही. २०२४ मध्ये ते शार्क्सना लागलं. २०२५ मध्ये ३.५ टक्केवाल्या आयलंडर्सनी नंबर पळवला, शार्क्स दुसरे. वहीत मेच्या पानावर ‘तिसरा’ लिहून ठेवा, वर मिळालं तर खोडायला सोपं.

शर्टाचं विचाराल तर: सेलेब्रिनीचा ७१ बिनधास्त घ्या. बाकी पोरांच्या बाबतीत पाठीवर नाव घालायची घाई करू नका. शिबिरात मिळालेला नंबर पुष्कळदा संघात पक्का झाल्यावर बदलतो, आणि पहिला करार संपायच्या आत अदलाबदलीत गेलेल्या पोराचा शर्ट कुणी परत घेत नाही. नाव न घातलेला कोरा शर्ट घ्या, दुसरा करार झाला की नाव शिवून घेता येतं.