विदर्भाच्या उन्हात क्राफ्ट बिअर: निवड, वाहतूक, ओतणं

वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे बिअर नेऊ नका. राज्यात सौम्य बिअरसाठीही वयाची अट 21 वर्षं.

मे महिन्यात पहिली पसंती विटबिअरला, म्हणजे बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला. गहू, धने आणि संत्र्याची साल, तीही नागपूरच्या जिभेला ओळखीचीच. हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरमधला केळी-लवंगेचा वास मात्र यीस्टचा (आंबवणाऱ्या किण्वाचा); त्यात केळं घातलेलं नसतं.

गावी नेताना खरा घात उष्णतेने होतो. बाटल्या उभ्या ठेवून थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरा आणि पेटी सावलीतच ठेवा. ऊन लागलं की हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) घटक फुटून उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. डिक्की तापली तर ऑक्सिडेशन (ऑक्सिजनमुळे बिअर बिघडणं) वाढून ओल्या पुठ्ठ्याची चव येते, मग कितीही थंड करा, ती जात नाही. मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यातून, ग्राउलर (बिअर न्यायची मोठी बाटली) भरून घेतलात तर तो सतत गार ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

प्यायला देताना विटबिअर 5 ते 7 अंश सेल्सिअसवर, आयपीए (हॉप्स जास्त असलेली कडू बिअर) 7 ते 10, स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) 10 ते 13. बर्फ पेल्यात नको.

पेल्याला तेलाचा अंश राहिला तर फेस लगेच विरतो, म्हणून तो वेगळ्या घासणीने धुवा. 45 अंशांत तिरपा धरून ओता, शेवटी सरळ करा. दोन बोटं फेस हवा. गव्हाच्या बिअरच्या तळाशी बसलेला गाळ हलवून ओतायचा.

सावजी रस्सा असेल तर कडू आयपीए टाळाच, तिखट आणखी झोंबतं. गोडसर माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) तांबूस अंबर एल बिअर बरी.