केंद्रीय मंत्रिमंडळ: मंत्री मोजताना आणि खाती लावताना या चुका टाळा

आधी शुद्धलेखन. ‘मंत्रीमंडळ’ नव्हे, ‘मंत्रिमंडळ’. ‘मुख्यमंत्री’त दीर्घ असलेला ‘त्री’ समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व होतो. ही चूक स्वस्तातली, खऱ्या अडचणी पुढेच आहेत.

मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ एकच धरणे

9 जून 2024 रोजी राष्ट्रपती भवनात 72 जणांचा शपथविधी झाला: पंतप्रधान, 30 कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेले 5 राज्यमंत्री आणि 36 राज्यमंत्री. हे 72 जण म्हणजे मंत्रिपरिषद. मंत्रिमंडळ त्यातल्या पहिल्या 31 जणांचे. नुसत्या राज्यमंत्र्यांचा शपथविधी झाला तरी वर्तमानपत्रे ‘मंत्रिमंडळ विस्तार’ असाच मथळा देतात, त्यामुळे गोंधळ पक्का होतो.

कलम 74 आणि 75 परिषदेबद्दल बोलतात. लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते तीही संपूर्ण परिषद. राज्यसभेत अविश्वास ठराव आणताच येत नाही. ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द राज्यघटनेत आला तो 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने, तोही कलम 352 मध्ये: आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो.

पंधरा टक्क्यांचे गणित

2003 च्या 91 व्या दुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा आली: लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या 15 टक्के. 543 चे 15 टक्के म्हणजे 81.45. इथे दोन ठिकाणी घसरायला होते. एक, अपूर्णांक वर ओढून 82 लिहिणे. ‘पेक्षा जास्त नसावी’ अशी अट असल्याने उत्तर 81. दुसरे, पंतप्रधानांना वेगळे मोजणे. ते या 81 मध्येच येतात. राज्यांनाही हाच नियम आहे, महाराष्ट्रात 288 वर 43. गोव्यात मात्र नुसता गुणाकार केलात तर फसाल: 40 चे 15 टक्के 6 होतात, पण राज्यांसाठी किमान 12 ची तरतूद आहे, म्हणून तिथली मर्यादा 12.

‘राज्यमंत्री’ म्हणजे राज्य सरकारचा मंत्री?

नाही. हा दर्जा आहे आणि तो दिल्लीतही असतो, मुंबईतही. 2024 च्या त्याच यादीतले प्रतापराव जाधव पाहा: आयुष मंत्रालयात स्वतंत्र कार्यभार, तर आरोग्य मंत्रालयात कॅबिनेट मंत्र्यांच्या हाताखाली राज्यमंत्री. माणूस एक, पण दोन खात्यांत अधिकार वेगळे. स्वतंत्र कार्यभाराचा मंत्रीही मंत्रिमंडळाच्या बैठकीला हक्काने बसत नाही. आपल्या खात्याचा विषय असला आणि बोलावणे आले, तरच जातो.

उपपंतप्रधानपदाचा तर घटनेत उल्लेखच नाही. 1979 मध्ये यशवंतराव चव्हाण त्या पदावर होते. घटनेच्या दृष्टीने ते इतरांसारखेच एक मंत्री.

प्रत्येक निर्णयाआधी बैठक होतेच, हे गृहीत धरणे

1961 च्या कामकाज नियमांतला 12 वा नियम पंतप्रधानांना निकडीच्या वेळी ठरलेली पद्धत बाजूला ठेवू देतो. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती याच नियमाच्या आधारे. मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली गेली.

नावावरून खाते ओळखणे

सर्वाधिक चुका इथेच होतात. सीबीआय गृह मंत्रालयाकडे नाही, कार्मिक मंत्रालयाकडे आहे. ईडी अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे, सीमा सुरक्षा दल गृहकडे आणि रेल्वे सुरक्षा दल रेल्वेकडे. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालय देते. भाषेचा विषय तर तीन ठिकाणी वाटलेला: राजभाषा विभाग गृह मंत्रालयात, भाषाशिक्षण शिक्षण मंत्रालयात आणि अभिजात भाषेचा दर्जा सांस्कृतिक मंत्रालयाच्या कक्षेत. मराठीला हा दर्जा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी घेतला.

आपल्याकडची एक जास्तीची अडचण ‘मंत्रालय’ या शब्दाची. मुंबईत ती एक इमारत आहे आणि राज्याच्या खात्यांना ‘विभाग’ म्हणतात. दिल्लीत मंत्रालये अनेक आणि एकेका मंत्रालयात अनेक विभाग. म्हणून अर्जावर नुसते ‘अर्थ मंत्रालय’ लिहून भागत नाही. महसूल, व्यय की आर्थिक व्यवहार, हेही लिहा. शंका असेल तर 1961 च्याच कार्यवाटप नियमांची दुसरी अनुसूची उघडा. तिथे प्रत्येक विभागापुढे त्याचे विषय दिलेले आहेत. मंत्र्यांची खाती बदलतात, विभागांची नावेही बदलतात, म्हणून ताजी दुरुस्ती पाहूनच पत्ता लिहा.

माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या विभागात गेलाच, तर घाबरू नका. कायद्याच्या कलम 6(3) नुसार तो 5 दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवणे त्या कार्यालयाचे काम आहे आणि तसे अर्जदाराला कळवणेही. 10 रुपयांचे शुल्क पुन्हा भरावे लागत नाही.