खादाड स्पीकरला ॲम्प्लिफायर आणि प्रीॲम्प कसे जुळवावेत

भरपूर शक्ती मागणाऱ्या स्पीकरला चालवणारा ॲम्प्लिफायर (पॉवर ॲम्प) आणि त्याच्या आधी बसून आवाज कमी-जास्त करणारा प्रीॲम्प कसे निवडावेत, ते पाहू. मॅग्नेपॅन या अमेरिकी कंपनीचा १.७आय हा कपाटाच्या दारासारखा उंच आणि पातळ स्पीकर उदाहरण म्हणून घेऊ. त्याला खोके नसते. ताणून बसवलेला पातळ पडदाच हवा हलवतो. तानपुऱ्याची जवारी किंवा समेआधी गायकाने घेतलेला श्वास तो जितक्या सहजपणे ऐकवतो, तितक्याच सहजपणे ॲम्प्लिफायरची दमछाकही चव्हाट्यावर आणतो. माहितीपत्रकात त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर १ मीटर अंतरावर मिळणारा आवाज, ८६ डेसिबल आणि इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ४ ओहम दिलेला असतो. यातला पहिला आकडा जपून वाचावा, कारण तो २.८३ व्होल्ट देऊन मोजलेला आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर १ वॅट, पण ४ ओहमवर २ वॅट होतात. म्हणजे एका वॅटमागे हा स्पीकर प्रत्यक्षात ८३ डेसिबलच देतो.

पुढचा हिशेब घरच्या खोलीला धरून करावा. आपण २ मीटरवर बसत असू तर १ मीटरच्या आकड्यातून ६ डेसिबल वजा होतात आणि दुसऱ्या स्पीकरमुळे सुमारे ३ परत मिळतात, उरतात ८०. क्षणिक उसळ्या १०० डेसिबलपर्यंत जाव्यात अशी इच्छा असेल तर आणखी २० डेसिबल लागतील. दर १० डेसिबलला दहापट शक्ती लागते, म्हणून हा आकडा ४ ओहमवर १०० वॅट येतो. हेच अंतर ३ मीटर झाले की गरज सव्वादोनशे वॅटवर जाते. बंद खोलीत भिंतींचे परावर्तन थोडी मदत करते, पण तिच्या भरवशावर लहान ॲम्प्लिफायर घेऊ नये.

कागदी हिशेबापेक्षा मला मल्टीमीटर जास्त विश्वासाचा वाटतो. नेहमीच्या ध्वनिमुद्रणांवर आपण जास्तीत जास्त जिथपर्यंत आवाज वाढवतो तिथे नॉब ठेवावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये १०० हर्ट्झचा साइन टोन (एकच शुद्ध स्वर) ०.१ ॲम्प्लिट्यूडने तयार करून तो त्याच सोर्सवरून वाजवावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजावेत. मीटरची टोके एकमेकांना लागली तर ॲम्प्लिफायरचे आउटपुट शॉर्ट होते, तेवढी काळजी घ्यावी. स्वस्त मीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज बहुधा २०० व्होल्टची असते आणि तिच्यावर एवढासा आकडा नीट वाचता येत नाही. २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेला मीटर शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मागून आणावा. समजा १.२ व्होल्ट आले. टोन पूर्ण पातळीच्या एकदशांश असल्यामुळे पूर्ण पातळीला १२ व्होल्ट होतील; १२ चा वर्ग १४४, त्याला ४ ने भागले की ३६ वॅट. २.८ व्होल्ट आले असते तर हीच गरज १९६ वॅट झाली असती.

वॅट ठरले की करंटकडे, म्हणजे ॲम्प्लिफायर किती प्रवाह पुरवू शकतो याकडे, वळावे. चांगल्या ॲम्प्लिफायरची शक्ती ८ ओहमवरून ४ ओहमवर येताना जवळजवळ दुप्पट होते. १०० ची १७० किंवा १८० झाली तरी चालते, ११० वरच थांबली तर वीजपुरवठा अपुरा आहे असे समजावे. माझ्याकडे पूर्वी कागदावर चॅनलमागे १०० वॅटचा होम थिएटर रिसीव्हर होता. विलंबितात सगळे ठीक चाले, पण द्रुतात डग्ग्यावर भरदार थाप पडली की आत रिले (संरक्षक स्विच) ‘टक्’ करी आणि खोली गप्प होई. तो आकडा ६ ओहमवर आणि एकच चॅनल चालवून काढलेला होता, हे बारीक अक्षरांत लिहिलेले मी नंतर वाचले.

१.७आयचा इम्पीडन्स बराचसा सपाट असतो, ही त्याची मेहेरबानी. खोक्याच्या अनेक स्पीकरांत तो एका ठिकाणी २० ओहमवर चढतो आणि दुसरीकडे साडेतीनवर उतरतो. अशा स्पीकरला २ ओहम आउटपुट इम्पीडन्सचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर जोडला तर या दोन ठिकाणच्या पातळीत सुमारे ३ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे ॲम्प्लिफायर नकळत टोन कंट्रोलचे काम करू लागतो. कोणाला ते गोडही वाटते, पण त्याला जुळणी म्हणता येणार नाही.

प्रीॲम्पच्या बाबतीत लोक उगाच जास्त गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, विकत घेतात. पॉवर ॲम्पचा गेन २९ डेसिबल, म्हणजे सुमारे २८ पट, असेल तर १ व्होल्ट इनपुटवर तो २८ व्होल्ट देतो आणि ८ ओहमवर १०० वॅटचा ॲम्प्लिफायर तिथेच संपतो. सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारे यंत्र) मुळात २ व्होल्ट देतात. त्यापुढे २० डेसिबल गेनचा प्रीॲम्प लावला की नॉब आठ-नऊ वाजण्याच्या जागेवरच अडकतो आणि नॉबमागच्या साध्या पोटेन्शियोमीटरमध्ये (बदलता येणाऱ्या रोधात) तिथे डाव्या-उजव्या चॅनलचा समतोल बहुधा वाईट असतो. हळू आवाजातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी ६ डेसिबल पुरेसे होतात.

प्रीॲम्पचे खरे काम पुढच्या यंत्राला न डगमगता चालवणे हे आहे. पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा. व्हॉल्व्ह प्रीॲम्पच्या आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पॉवर ॲम्प १० किलोओहमचा असेल, तर ३४ हर्ट्झला आवाज ३ डेसिबल खाली येतो आणि खर्जाचा पाया ढिला पडतो. ४७ किलोओहमवर हीच सीमा ७ हर्ट्झवर जाते. काही क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्प्लिफायरचा इनपुट १० किलोओहमचाच असतो, म्हणून ही जोडी करण्याआधी दोन्ही माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचावीत. पॅसिव्ह, म्हणजे गेन नसलेल्या, प्रीॲम्पलाही हाच नियम लागतो, कारण १० किलोओहमच्या पोटेन्शियोमीटरचे आउटपुट अडीच किलोओहमपर्यंत चढते.

स्पीकरच्या वायरवर फार खर्च करू नये. वायरिंगला वापरतात त्या अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेत ५ मीटर अंतरावर, जाऊन-येऊन, सुमारे ०.०७ ओहम रोध येतो आणि ४ ओहमवर जेमतेम ०.१५ डेसिबल वाया जातात. शेवटी पंखा बंद करून, काही न वाजवता स्पीकरला कान लावावा. घुरघुर आली तर प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प दोन्ही बंद करून मधली केबल काढावी आणि मग फक्त पॉवर ॲम्प सुरू करावा. घुरघुर गेली असेल तर दोष प्रीॲम्पच्या बाजूला किंवा अर्थिंगच्या वेटोळ्यात (यंत्रे एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने होणाऱ्या) आहे. राहिली तर पॉवर ॲम्पमध्येच.