दहावीची वाट पाहू नका

तोंडी सगळं धडाधड सांगणारं मूल वहीत 'पाऊस'चा 'साऊप' करतं, फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतं? 'आळशी आहे' म्हणून सोडून देऊ नका. ही अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींचा उल्लेख त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे.

ही अक्षमता आहे का, हे रुग्णालयात तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी सर्वात कामाची गोष्ट म्हणजे जुन्या वह्या. रद्दीत घालू नका, आणि पाहुणे येणार म्हणून चुका खोडून नीटही करू नका (मी केल्या होत्या!). बाईंच्या लाल खुणांसकट त्या तपासणीला न्या, सोबत प्रगतिपुस्तकं आणि शाळेचं पत्र. डोळे आणि कान आधी तपासून घ्या, कारण तपासणीत त्याबद्दल विचारतातच.

खाजगी तज्ज्ञाचा अहवाल घरी समजून घ्यायला उत्तम. पण बोर्डाच्या सवलतीसाठी ठरावीक सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, नायर, केईएम. चाचण्या एका फेरीत होत नाहीत, नंबरही लगेच लागत नाही. म्हणून पाचवी-सहावीतच सुरुवात करा.

शाळेत काहीही मागायचं तर लेखी अर्ज, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. 'बघू हं' याची पोच मिळत नाही.