जांघेतला हर्निया: थांबायचं की शस्त्रक्रिया करून घ्यायची?

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडं किंवा चरबी बाहेर येऊन झालेली गाठ. आधी ती नेमकी कुठे आहे ते सर्जनकडून तपासून घ्या. उभं राहून खोकल्यावर फुगवटा येतो आणि आडवं झाल्यावर आत जातो, तो बहुधा साधा अंतर्गळ, म्हणजे जांघेतला नेहमीचा (इंग्वायनल) हर्निया. पण फुगवटा जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या बाजूला असेल तर तो फिमोरल हर्निया असू शकतो. त्यात आतडं अडकण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून तिथे थांबायचा सल्ला लागू होत नाही. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक आढळतो, म्हणून इथलं सगळं पुरुषांपुरतंच आहे.

दुखत नाही किंवा किंचितच जड वाटतं, आणि कामं अडत नाहीत? मग थांबता येतं. अमेरिकेत 720 पुरुषांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, थांबलेल्यांपैकी हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी होतं. त्यामुळे निव्वळ भीतीपोटी घाई नको. मात्र थांबणं म्हणजे बहुतेकांसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलणं, हेही मनाशी धरा. त्याच चाचणीत थांबलेल्यांपैकी सुमारे 68 टक्के जणांनी दहा वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली. मुख्य कारण वाढलेलं दुखणं.

दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं येतं, आणि सल्ला देताना नेमकं तेच घाईत उरकलं जातं. रोजच्या कामात आड येणारं दुखणं साधारण दहातल्या एकाला तीन महिन्यांनंतरही राहतं. तरुणांना आणि आधीपासून दुखणाऱ्यांना हा धोका जास्त. आज काहीच त्रास नसलेल्या माणसाने हा सौदा नीट तोलावा. दुखणं वाढतंय, गाठ मोठी होतेय, ती आत ढकलायला वेळ लागतोय किंवा जड काम टाळावं लागतंय, असं असेल तर मात्र शस्त्रक्रियाच बरी.

थांबायचं ठरलं तर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा दाखवा. जुना खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेटमुळे लघवीला लागणारा जोर यांवर उपचार घ्या; पोटातला दाब त्यांनीच वाढतो. गाठ दाबून धरणाऱ्या पट्ट्याने हर्निया बरा होत नाही.

शस्त्रक्रिया ठरली तर तंबाखू किमान चार आठवडे आधी सोडा आणि साखर आटोक्यात आणा, नाहीतर जखम चिघळते. चिरा देऊन कमकुवत जागेवर आधाराची जाळी बसवणं जागेवरच्या भुलेतही जमतं, म्हणून हृदय किंवा फुप्फुस कमजोर असलेल्यांना ते सोयीचं. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा चिरा देऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा आला असेल, तर दुर्बिणीची पद्धत चांगली. तिला सहसा पूर्ण भूल लागते. 'तुम्ही स्वतः कुठली पद्धत जास्त करता?' हे सर्जनला जरूर विचारा.

गाठ अचानक कडक, लाल किंवा खूप दुखरी झाली, आत जाईना, त्यात उलट्या सुरू झाल्या किंवा वारा सरणं बंद झालं, तर सकाळची वाट पाहू नका. गाठ जोराने दाबू नका, काही खाऊ-पिऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर ते काही तासांत निकामी होऊ शकतं.